चौथ्या पाण्याचा चहा

॥ श्री ॥
सांगली, ता. ३ जानेवारी १९४७

सौ. राहीवहिनी यांचे सेवेशी,
दीर हंबीररावाचा कृ. सा. न. वि. वि.

इकडे मी खुशाल आहे. हळदीच्या वखारीत मुकादमाचं काम लागून तीन महिने झाले. संध्याकाळी खोलीवर येतो तेव्हा डोक्यापासून पायापर्यंत पिवळा असतो. साखरपुड्याच्या दिवशी परड्याची भिंत चढून पळालेल्या माणसाला देवाने बरोबर जागी आणून बसवलं आहे. रोज हळद लागते, लग्न काही होत नाही. तुम्ही हसाल म्हणून हे लिहिलं. हसून झालं असेल तर पुढचं नीट वाचा, ते कामाचं आहे.

आपल्या तात्याबा शिंप्याच्या हाती एक पुडकं पाठवलं आहे. त्यात पत्र्याचा डबा, पेरूएवढी लाल मातीची किटली आणि सहा कप निघतील. कप बघून ही कुणाच्या पोरीची भातुकली उचलून आणली असं समजू नका. लढाई संपल्यावर आमची पलटण मलायात, पिनांग बंदरात वर्षभर होती. तिथे लिम नावाचा म्हातारा चिनी दुकानदार माझा दोस्त झाला. त्याला हिंदुस्थानी येत नव्हती, मला चिनी येत नव्हती, त्यामुळे आमचं कधी भांडण झालं नाही. रोज समोरासमोर बसून चहा प्यायचो. निघताना त्याने असे दोन डबे माझ्या पिशवीत कोंबले. चहाचं नाव ऊलाँग.

करायची रीत त्याने मला महिनाभर शिकवली, ती तुम्ही एका वाचनात शिका. दूध नाही, साखर नाही, गूळ तर नाहीच. चुलीवर उकळायचा नाही. किटलीत चिमूटभर पत्ती टाकायची, वरून कढत पाणी ओतायचं आणि ते पहिलं पाणी लगेच फेकून द्यायचं. त्याने पत्ती नुसती धुतली जाते, जागी होते. मग पुन्हा पाणी ओतायचं, दहा आकडे मोजायचे आणि कपात काढायचं. त्याच पत्तीवर पुन्हा पाणी, पुन्हा कप. प्रत्येक वेळी आकडे थोडे वाढवायचे. एकच पत्ती सात पाणी देते आणि दर पाण्याला चव वेगळी येते.

आता खरं काम. हा चहा आबांसाठी आहे. सहा वर्षं झाली, त्यांनी घरात माझं नाव काढू दिलेलं नाही. आई गेल्याची तार मला दोन महिन्यांनी ब्रह्मदेशाच्या रानात मिळाली. तेव्हापासून मी आबांना अकरा पत्रं टाकली, एकाचंही उत्तर नाही. आता पलटणीतून पुन्हा बोलावणं आलं आहे. वीस फेब्रुवारीपर्यंत हो की नाही ते कळवायचं आहे. एकदा सही केली की आणखी सात वर्षं गेली. आबांनी घरी ये म्हटलं तर मी सही करणार नाही. नाही म्हटलं तर इथे हळदीत लोळत तरी कशाला राहू? तुम्ही चहा करून त्यांना पहिला कप द्या. ते खूश दिसले की मगच माझं नाव काढा.

दादाला नमस्कार, आक्काआत्याला दंडवत. माझ्यावरचा लोभ पुडक्यासारखा नीट बांधून ठेवावा.

आपला,
हंबीर

॥ श्री ॥
पिंपळवाडी, ता. १० जानेवारी १९४७

चि. हंबीररावभावजी यांस,
राहीचे अनेक आशीर्वाद वि.

तुमचं पुडकं पोचलं. तुमच्या चहाने या घराची जी शोभा केली ती सांगते. बसून वाचा.

मी ठरवलं, एकट्या मामंजींना कशाला, चार माणसांत मान होऊ दे. रविवारी लालासाहेब जेवायला यायचे होते. हे लालासाहेब कोण ते तुम्हांला सांगायला नकोच. ज्यांच्या लेकीच्या साखरपुड्यातून तुम्ही पळालात तेच. त्या पोरीचं तुमच्यावाचून काही अडलं नाही. विट्याच्या घरात दिली, नवरा कलकत्त्याला सोनं गाळतो, तीन मुलं आहेत. त्यामुळे लालासाहेबांनी तुमचा राग सोडला आणि मामंजींशी पुन्हा येणंजाणं सुरू केलं. राग धरून आहेत ते एकटे मामंजीच.

जेवणं झाल्यावर मी सगळं सोप्यात नेलं आणि तुम्ही लिहिलं तसं तंतोतंत केलं. पहिलं पाणी पाहुण्यांच्या डोळ्यांदेखत अंगणात फेकलं. लालासाहेबांनी मामंजींकडे बघितलं. घरातल्या सुनेने पाहुण्यासमोर चहा फेकून द्यावा, असा काय गुन्हा घडला ते त्यांना कळेना. मग दहा आकडे मोजून मामंजींना वडीलकीचा पहिला कप दिला. त्यांनी एका घोटात संपवला आणि मला विचारलं, की पोरी, कप विसळल्यालं पानी मला दिलंस का काय. तोवर मी त्याच पत्तीवर पाणी ओतून लालासाहेबांचा कप भरला. ते हळूच म्हणाले, की सयाजीराव, आवं एकदा वापरल्याली पत्ती पाहुण्याला देण्याइतकी तंगी हाय व्हय, आमी शेरभर धाडून देतो. आणि पान न खाता उठून गेले. थोडक्यात, तुमच्या हातून त्यांचा दुसऱ्यांदा अपमान झाला.

मामंजींनी विचारलं, हे गवत कुठनं आलं. मी माहेरचं नाव सांगून टाकलं. आता माझ्या माहेरची सगळी माणसं येडी आहेत असं गावभर झालं आहे. हे मी तुमच्यासाठी केलं, विसरू नका.

पुढची गोष्ट मात्र वेगळी आहे. पुरुषमाणसं उठल्यावर उरलेलं प्यायचं ही आपल्या घरची रीत तुम्हांला माहीत आहे. किटली चुलीपाशी आणली तर आक्का म्हणाली, फेकू नगंस, आमाला ह्योच माल ठरल्याला हाय. आम्ही तिसरं पाणी ओतलं. रंग मधासारखा आला. चौथ्याला वास असा सुटला की मी चुलीवरची भाकरी करपवली. आक्का कप नाकाशी धरून बसली आणि चांगला पाव तास एक शब्द बोलली नाही. भावजी, मी या घरात सून होऊन आल्यापासून हे पहिल्यांदा घडलं.

तेव्हापासून रोज तिसऱ्या प्रहरी आम्ही दोघी दार लोटून तुमचा चहा पितो. तुमचं काम काही झालं नाही, त्याचं मात्र मनापासून वाईट वाटतं.

लोभ आहेच, तो अशा कामांवर फार खर्च करू नये.

तुमची,
राहीवहिनी

॥ श्री ॥
सांगली, ता. १४ जानेवारी १९४७

सौ. राहीवहिनी यांचे सेवेशी,
हंबीररावाचा कृ. सा. न. वि. वि.

पत्र वाचून वखारीत पोत्यावर बसून इतका हसलो की मालकाने पाणी आणून दिलं. मग खोलीवर आल्यावर हसू गेलं. दोष तुमचा नाही. मी एक गोष्ट विसरलो. लिमच्या दुकानात सगळे गोल बसून सातही पाणी प्यायचे, कुणी उठायचं नाही. आपल्याकडे थोरला पहिला पितो आणि उठतो, मग धाकटा पितो आणि उठतो, आणि बायका शेवटी. या चहाचं नेमकं उलटं आहे. सुरुवातीचं पाणी फिकं, खरा जीव तिसऱ्या-चौथ्यात. म्हणजे आबांना मान मिळाला आणि चहा तुम्हांला. मुलखात बायकांना आधी वाढल्यासारखं झालं हे एकाच वस्तूच्या बाबतीत, आणि ती वस्तू मी पाठवली. मला तरी त्यात वाईट वाटत नाही.

पण वहिनी, आबांना कसंही करून चौथं पाणी द्या. ते बायकांमागून काही पिणार नाहीत हे मला ठाऊक आहे. तरी तुम्ही दोघी मिळून काहीतरी शोधाल. आक्का आबांपेक्षा सात वर्षांनी मोठी आहे आणि ते तिला भितात, एवढं आपल्या हाती आहे.

तिळगूळ सोबत पाठवला आहे. तो तरी आबांना पहिल्या घासालाच गोड लागेल.

लोभाची उधारी चालू ठेवावी.

आपला,
हंबीर

॥ श्री ॥
पिंपळवाडी, ता. २९ जानेवारी १९४७

चि. हंबीररावभावजी यांस,
राहीचे अनेक आशीर्वाद वि.

आक्काने शोधलं. ऐकून घ्या आणि तुमच्या दादांना कधी सांगू नका, ते आधीच घाबरून शेतावर राहायला गेले आहेत.

संक्रांतीच्या पोळ्या जास्त झाल्याने मामंजींचं पोट बिघडलं होतं. आक्काने आपल्या गुडघ्यात वात भरल्याचं सांगून कण्हायला सुरुवात केली आणि मिरजेच्या डॉक्टरचं औषध मागवलं आहे असं ठोकून दिलं. लहान कप आणि ती किटली लपवली, पत्ती तांब्यात टाकली. पितळी वाटीत तिने पहिलं, दुसरं, तिसरं पाणी औषध म्हणून माझ्या हातून घेतलं. चौथं मामंजींकडे सरकवून म्हणाली, की तुझ्या पोटाला बी चालतंय, घे, वाया कशाला. थोरल्या बहिणीच्या हातचं औषध नाही कसं म्हणणार? त्यांनी डोळे मिटून तोंडात घेतलं. मग डोळे उघडले. वाटी संपल्यावर आणखी आहे का म्हणून विचारलं.

दुसऱ्या दिवशी वेळ व्हायच्या आधीच आले. आक्काने सांगितलं, की तीन वाट्या माझ्या झाल्याबिगर तुझी न्हाई, बसून ऱ्हा. आणि ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून राहिले. भावजी, पुरुषमाणूस चुलीपाशी अर्धा तास बसलेला मी या घरात पाहिला नव्हता. आधी आम्ही पदर सावरून बसायचो. आता सवय झाली आहे. आम्ही आमचं बोलतो, ते भिंतीला टेकून ऐकतात, कधी डुलकी काढतात. परवा मला विचारलं, की तुझी सासू ह्या चुलीपाशी एवढा वेळ काय करायची, धूर लय हाय इथं. मी काय सांगणार, त्यांना तीस वर्षांत दिसलं नाही ते.

डब्यावरची चिनी अक्षरं त्यांनी निरखून बघितली. आक्का म्हणाली, डॉक्टरचं अक्षर असंच असतंय. ते त्यांना पटलं.

अडचण अशी झाली आहे की मामंजी चावडीवर या औषधाचं नाव करत सुटले आहेत. चौघेजण चिमूट चिमूट मागून घेऊन गेले. लालासाहेबांनीसुद्धा नेलं, त्यांना आता झोप छान लागते म्हणे. डब्याचा तळ दिसू लागला आहे. दुसरा डबा लगेच पाठवावा, मग सवडीने तुमचं नाव काढू.

लोभ वाढत आहे, पत्ती कमी होत आहे.

तुमची,
राहीवहिनी

॥ श्री ॥
सांगली, ता. २ फेब्रुवारी १९४७

सौ. राहीवहिनी यांचे सेवेशी,
हंबीररावाचा कृ. सा. न. वि. वि.

दुसरा डबा माझ्यापाशी आहे, पण पाठवणार नाही. रागावू नका. आबा माझा चहा रोज पितात आणि उपकार मिरजेच्या कुठल्याशा डॉक्टरचे मानतात, हे वाचून आधी हसलो आणि मग मला रडू आलं. खोट्या नावाने त्यांच्या पोटात जाऊन मला काय करायचं आहे?

तुम्हांला एक सांगतो, आजवर कुणाला सांगितलं नाही. दिवाळीत आणि त्यानंतर एकदा, असं दोनदा कोरेगाव स्टेशनापर्यंत आलो होतो. दोन्ही वेळा फलाटावरच्या बाकावर बसलो आणि पुढच्या गाडीने परत गेलो. जपान्यांच्या गोळ्यांपुढे गेलो, पण त्या स्टेशनाच्या फाटकाबाहेर गेलो नाही. आबांनी गावासमोर हाकलून दिलं तर मला ते सोसणार नाही.

आबांना खरं सांगा. त्यांनी वाटी फेकली तर फेकू द्या. तेवढं उत्तर तरी मिळेल. वीस तारखेला मी पलटणीला कळवून टाकेन. तुमच्याबद्दल आणि आक्काबद्दल माझ्या मनात काही नाही, उलट फार आहे.

आज थट्टा सुचत नाही. लोभ मात्र नेहमीचाच समजावा.

आपला,
हंबीर

॥ श्री ॥
पिंपळवाडी, ता. ८ फेब्रुवारी १९४७

चि. हंबीररावभावजी यांस,
राहीचे अनेक आशीर्वाद वि.

घाईत लिहिते. तुमचं पत्र काल आलं. आज सकाळी खरं सांगायचं आम्ही ठरवलं होतं, पण मामंजी भल्या पहाटे डबा धोतराच्या पदरात बांधून मिरजेच्या गाडीला निघून गेले. जाताना शेतावर तुमच्या दादांना सांगून गेले, की डॉक्टरला डबा दावून पुढल्या चार महिन्यांचं औषध आनतो, ह्या बायकांच्या भरवशावर ऱ्हायलो तर हाल व्हतील.

आक्का देवापुढे बसली आहे. मी पत्र टाकायला निघाले आहे. मिरज आणि सांगलीमध्ये दोन-तीन कोसांचंच अंतर. ते तुमच्याकडे आले तर तुम्ही पळू नका. परत आले तर इकडे आम्ही बघू. डब्यातल्या शेवटच्या दोन चिमट्या मी आधीच काढून ठेवल्या होत्या, त्या आमच्या हिमतीला लागतील.

लोभ असू द्या, त्याची आम्हांला आता गरज पडणार आहे.

तुमची,
राहीवहिनी

॥ श्री ॥
पिंपळवाडी, ता. १३ फेब्रुवारी १९४७

चि. हंबीर यास,
सयाजीचा आशीर्वाद.

मी बोलतोय आन राही लिवतीया. मी म्हणतो तसंच लिव, शुद्ध करत बसू नगंस, आसं तिला सांगितलंय. ती मधीच डोळं पुसतीया, तवा कुठं शाई पसरली तर त्यो माझा दोष न्हाई.

मिरजंला जाऊन आलो. तीन दवाखाने हिंडलो. पयल्या डॉक्टरनं डबा उलटा धरून वाचला. दुसऱ्यानं डबा बाजूला ठेवून माझीच जीभ बघितली. तिसरीकडं कंपौंडरानं वास घेतला आन म्हणला, आजोबा, ह्यो चिनी च्या हाय, लढाईवरनं आल्याल्या कुणीतरी आणला आसंल. समदी माणसं हसाया लागली. डबा कुणाचा ते मला तवाच कळलं. आपल्या घरातनं चीनच्या बाजूला गेल्यालं गाढव येकच हाय.

गाडीत बसून ठरवलं, घरी गेल्यावर डबा भिरकावून द्यायचा आन दोघींना फैलावर घ्यायचं. घरात शिरलो तर त्यांचं पानी चाललं हुतं. म्हणलं बघू तरी आनिक किती खोटं बोलत्यात. डॉक्टर गावला न्हाई येवढंच सांगितलं, उंबऱ्याशी बसलो आन डोळं मिटलं. आक्काचं तिसरं पानी चाललं आसंल. तिला वाटलं मला डुलकी लागली. राहीला हळूच म्हणली, की ज्या पोराला ह्येच्या बायकूनं आपल्या हातानं परड्याचं दार उघडून लावून दिला, त्याचाच च्या ह्यो डॉक्टरचा म्हणून पितोया, आन आपुन हसावं का रडावं.

मी डोळं उघडलं न्हाईत. उघडलं आसतं तर आक्का गप झाली आसती. राहीनं इचारलं तशी तिनं समदं सांगितलं. तू लगीन वरीसभर थांबवा म्हणलास म्हणून मी तुला पाहुण्यांसमोर काठीनं बडवला हुता. त्यापायी तू आठ दिस धड जेवला न्हवतास. साखरपुड्याच्या पहाटं तुझ्या आईनंच तुला उठवला. भाकरी बांधून दिली. तू जात न्हवतास तर तुला ढकलून भाईर काढला. आन तू सहा वर्सं भिंत चढून पळालो म्हणून जगाला सांगत बसलास. तिच्यावर आळ येऊ नये म्हणूनच व्हय रं?

ती जिती हुती तवर तीन वर्सं मी तिच्यासमोर तुला शिव्या घातल्या. ती समोर बसून वाढत ऱ्हायली. येकदा बी म्हणली न्हाई, की मीच धाडला. का म्हणली न्हाई, ह्येचा इचार करत मी चार दिस परड्यात बसलोय. तिला माझं भ्या वाटत हुतं. तीस वर्सांचा संसार झाला, आन त्या बाईला नवऱ्याला येवढं सांगायचा धीर झाला न्हाई. तुझ्यावरचा राग मी लय जपून ठेवला हुता. चुकीच्या माणसावर ठेवला हुता. चूक माझी हाय. हे चावडीवर बी सांगंन, लालासाहेबासमोर सांगंन, तू म्हणशील तिथं सांगंन.

पलटणीला काय कळवायचं ते तुझं तू ठरीव. मी आता कुणाचं काय ठरवत न्हाई. पर त्याच्या आधी घरला ये. स्टेशनावर मी सोता येतो, मंगळवारपास्नं रोज सकाळच्या गाडीला हुबा ऱ्हानार हाय. राहीनं तुझं पत्र मला वाचून दावलंय, फलाटावरनं माघारी जाऊ देनार न्हाई.

आनिक येक काम हाय. त्या पहाटं दाराशी ती तुला काय म्हणली, ते आक्काला ऐकू आलं न्हाई, ती लांब हुती. ते तुला येकट्यालाच ठावं हाय. मला तिनं मनातलं कंदी सांगितलं न्हाई, मी ऐकाया बसलोच न्हाई. तू सांग. जेवढं आठवतंय तेवढं सांग.

लोभ आसावा, आसं शेवटी लिवायचं आसतंय म्हणं. ते मागायला मला तोंड न्हाई. तरी मागतो.

तुझा बाप,
सयाजी